उष्णतेच्या लाटा, प्रस्ताव आवाहन आणि डिझाइन पद्धती : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

निधी देणाऱ्या संस्थेने पाठवलेली कार्यकक्षेची टिपणी आज सविस्तर वाचली. उष्णतेच्या लाटांमुळे होणाऱ्या आरोग्यहानीवर नवोपक्रमांसाठी प्रस्ताव मागवायचे आहेत आणि त्यासाठी आम्ही ‘डिझाइन पद्धतींवर आधारित कार्यशाळा’ घ्याव्यात, म्हणजे वापरणाऱ्यांचे निरीक्षण, नमुने आणि चाचण्या यांतून उपाय घडवण्याच्या पद्धती तिथे वापराव्यात, असे तिच्यात म्हटले आहे. सोबतच्या वेळापत्रकात आधी विषयाची मंजुरी, मग पात्रतेच्या अटी, मग गुणांकनाचे निकष, मग आवाहनाची प्रसिद्धी आणि त्यानंतर निवड झालेल्या अर्जदारांसाठी कार्यशाळा असा क्रम आहे. म्हणजे समस्या काय आहे, ती कोणाची आहे आणि उत्तर कोणत्या स्वरूपाचे असावे हे सगळे ठरून गेल्यावर, उरलेल्या जागेत कल्पना सुचवण्यासाठी डिझाइनला बोलावलेले आहे.

हा क्रम याच संस्थेपुरता नाही, बहुतेक ठिकाणी असाच चालतो. आम्ही लेखी उत्तरात सुचवले आहे की कार्यशाळा तूर्त बाजूला ठेवाव्यात आणि आवाहनाचा मसुदा, अर्जाचा नमुना व निकषांचा तक्ता हेच डिझाइनचे काम मानून आमच्याकडे सोपवावे. आवाहन हीसुद्धा शेवटी एक घडवलेली वस्तू आहे. ती कोणाला सुलभ वाटते, कोणाला बाहेर ठेवते आणि कोणत्या प्रकारच्या उत्तरांना जन्म देते, याची तपासणी एखाद्या उपकरणाच्या तपासणीइतकीच काटेकोरपणे करता येते.

१६ जानेवारी

मान्यता मिळाली, मात्र निकषांच्या तक्त्यात बदल करायचा झाल्यास त्याला स्वतंत्र टिपणी लागेल, या अटीवर.

पार्श्वभूमीच्या प्रकरणासाठी वाचन सुरू आहे. नवोपक्रम धोरणाचा इतिहास आम्हाला थोडक्यात द्यायचा आहे, कारण डिझाइन पद्धतींना तिथे जागा का मिळाली हे त्याशिवाय कळत नाही. १९४५ साली व्हॅनिव्हर बुश यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना दिलेल्या अहवालापासून मूलभूत संशोधनाला सरकारने पैसा पुरवावा आणि त्यातून पुढे समृद्धी येईल, ही धारणा रुजली. पुढे विद्यापीठे, उद्योग आणि सरकार यांच्यातील दुवे घट्ट करण्यावर भर आला. योहान शॉट आणि एडवर्ड स्टाइनम्युलर यांनी २०१८ च्या एका लेखात या दोन चौकटींपुढे तिसरी चौकट मांडली असून, तिच्यात समाजाच्या व्यवस्थांचेच रूपांतर हा धोरणाचा विषय होतो. त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ मारियाना मात्सुकातो यांनी युरोपीय आयोगासाठी ध्येयकेंद्री धोरणावर (आधी सामाजिक ध्येय ठरवून त्यासाठी संशोधनाला दिशा देण्यावर) अहवाल लिहिला आणि २०२१ मध्ये आयोगाने पाच ध्येये जाहीर केली. २०३० पर्यंत शंभर शहरे हवामानदृष्ट्या तटस्थ करणे हे त्यांपैकी एक आहे.

‘किती संशोधन’ या प्रश्नाच्या जागी ‘कशासाठी संशोधन’ हा प्रश्न आला की समस्या कोण आणि कशी मांडतो याला महत्त्व येते, आणि समस्या मांडणे हा डिझाइनच्या अभ्यासातला जुना विषय आहे. होर्स्ट रिटेल यांचे नाव या दोन्ही बाजूंना आढळते. जर्मनीतील उल्म येथील डिझाइन विद्यालयात आणि नंतर अमेरिकेत बर्कलीला शिकवणाऱ्या या गृहस्थांनी मेल्विन वेबर यांच्यासह १९७३ मध्ये सामाजिक नियोजनातील अशा समस्यांचे वर्णन केले की ज्यांची निश्चित व्याख्या होत नाही, ज्यांना थांबण्याचा नियम नसतो आणि ज्यांची उत्तरे खरी-खोटी नसून बरी-वाईट असतात. १९६२ च्या लंडन परिषदेपासून पुढे आलेल्या पहिल्या पिढीच्या डिझाइन पद्धती समस्येचे सुटे भाग करून ते क्रमाने सोडवण्यावर विसंबून होत्या. रिटेल यांनी त्यांच्या मर्यादा दाखवून दुसऱ्या पिढीच्या पद्धतींचा आग्रह धरला. तिच्यात डिझाइन हा वादसंवादाचा व्यवहार असून ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांचे ज्ञानही तज्ज्ञांच्या ज्ञानाइतकेच विचारात घेतले जाते. धोरणकर्त्यांनी यातली समस्यांची व्याख्या उचलली आणि पद्धतींबाबतचा इशारा तिथेच ठेवला, असे माझे मत होत चालले आहे.

२५ जानेवारी

विषयाचा मसुदा ‘उष्णतेपासून संरक्षण देणारे तंत्रज्ञान’ असा आहे. आजची बैठक या एका वाक्यावर खर्ची पडली आणि ते योग्यच झाले.

शिकागोमध्ये जुलै १९९५ च्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. त्या मृत्यूंचा मागोवा घेणाऱ्या रुग्ण-तुलना अभ्यासात (मृत व्यक्तींची वाचलेल्यांशी तुलना करणाऱ्या) असे आढळले की एकटे राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या आणि दररोज घराबाहेर न पडणाऱ्या व्यक्तींना धोका अधिक होता. चालू स्थितीतील वातानुकूलन यंत्र आणि प्रवासाची सोय यांनी संरक्षण मिळत होते. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७०,००० हून अधिक अतिरिक्त मृत्यू झाले, त्यांपैकी सुमारे १५,००० एकट्या फ्रान्समध्ये आणि त्यात वृद्धांचे प्रमाण फार मोठे होते. यंत्राचा उपयोग नाही असे या माहितीवरून कोणीही म्हणणार नाही, परंतु तंत्रज्ञान हा शब्द विषयाच्या शीर्षकातच घातला की एकटेपणा आणि प्रवासाची सोय या दोन बाबी पहिल्याच वाक्यात बाद होतात.

अहमदाबादचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. मे २०१० च्या लाटेत तिथे १,३४४ अतिरिक्त मृत्यू झाल्याचे नंतरच्या विश्लेषणातून पुढे आले आणि २०१३ मध्ये महानगरपालिकेने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा राबवला. त्याच शहरातील एका महापालिका रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणजे तापलेल्या छताखाली होता. उष्णतेमुळे बाळांना होणारा त्रास आणि कक्षाची जागा यांचा संबंध डॉक्टरांच्या लक्षात आला, कक्ष खाली हलवण्यात आला आणि अशा कारणाने दाखल कराव्या लागणाऱ्या बाळांचे प्रमाण घटल्याचे अभ्यासात दिसले. इथे कोणतेही नवे उपकरण नाही, स्वामित्वहक्क नाही, विक्रीयोग्य उत्पादन नाही. हा उपाय आमच्या आवाहनात अर्ज म्हणून आला असता तर पात्रतेच्या पहिल्या चाळणीतच गळाला असता.

बैठकीअंती विषयाचे वाक्य असे झाले : ‘उष्णतेच्या लाटेत ज्यांच्यापर्यंत वेळेवर मदत पोहोचत नाही अशा व्यक्तींची हानी कमी करणाऱ्या तांत्रिक, संघटनात्मक किंवा जागेच्या मांडणीतील उपाययोजना’. वाक्य लांबले आहे आणि जाहिरातीत शोभणार नाही, पण त्यात ‘जागेची मांडणी’ हे शब्द राहावेत यासाठी मी अडून बसलो.

९ फेब्रुवारी

अर्जाच्या नमुन्याची पहिली चाचणी झाली. संगणकीय अर्ज तयार करण्याआधी आम्ही तो कागदावर छापला, प्रत्येक प्रश्न स्वतंत्र पानावर घेतला आणि संभाव्य अर्जदारांना तो मोठ्याने वाचत, मनात येईल ते बोलत भरायला सांगितले. आम्ही मध्ये बोलायचे नाही, मदत करायची नाही, फक्त नोंदी घ्यायच्या, असा नियम होता.

आजच्या अर्जदार एका लहान संस्थेच्या समन्वयक होत्या. त्यांची संस्था एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी नियमित भेटी देते. पहिली काही पाने त्यांनी भराभर लिहिली. ‘तंत्रज्ञान सज्जता पातळी १ ते ९ पैकी नमूद करा’ या पानावर पेन थांबले. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला, पान उलटून मागे काही स्पष्टीकरण आहे का ते पाहिले, मग ‘आमच्याकडे वह्या आहेत’ असे पुटपुटल्या. थोड्या वेळाने त्यांनी तिथे ९ लिहिले, कारण भेटींचे काम अनेक वर्षे प्रत्यक्ष चालू आहे. मग ते खोडून १ लिहिले, कारण त्यात तंत्रज्ञान नाही. शेवटी चौकट मोकळी सोडून त्या पुढच्या पानावर गेल्या. संगणकीय अर्जात मोकळी चौकट स्वीकारली जाणार नव्हती, म्हणजे त्यांचा अर्ज तिथेच संपला असता.

ही मोजपट्टी नासामध्ये १९७० च्या दशकात अंतराळयानांच्या घटकांसाठी जन्माला आली आणि पुढे नऊ पायऱ्यांची झाली. एखादा भाग उड्डाणाला किती तयार आहे हे सांगण्यासाठी ती उत्तम आहे. युरोपीय संघाने होरायझन २०२० या संशोधन निधीच्या कार्यक्रमात ती स्वीकारल्यावर निधीच्या जगात ती सर्वत्र पसरली आणि आमच्या नमुन्यातही ती अशीच जुन्या अर्जातून उतरली आहे. ती कोणी मुद्दाम घातलेली नाही.

त्या चौकटीऐवजी आम्ही दोन प्रश्न ठेवून पाहणार आहोत : हा उपाय आजवर कुठे आणि कोणासोबत वापरून पाहिला आहे, आणि तो चालू राहण्यासाठी आणखी कोणाला स्वतःच्या कामाच्या पद्धतीत बदल करावा लागेल. दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण सामाजिक उपायांची सज्जता बहुधा उपायात नसून भोवतालच्या यंत्रणेत अडकलेली असते.

१४ फेब्रुवारी

नव्या दोन प्रश्नांची चाचणी यंत्रनिर्मिती करणाऱ्या एका उद्योगाच्या अभियंत्यासोबत घेतली. पहिल्या प्रश्नाला त्याने सविस्तर उत्तर दिले. दुसऱ्यावर तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला की हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, त्याच्या यंत्राची देखभाल रुग्णालयातील नेमके कोण करणार हे त्याने ठरवलेले नाही. हा प्रश्न अर्जात कायम ठेवला.

२७ फेब्रुवारी

सहभागाच्या प्रकरणावर आमच्यातच मतभेद आहेत. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की बाधित व्यक्तींसोबत एकत्रित कार्यशाळा घेतल्याशिवाय समस्येची मांडणी पूर्ण मानू नये. तत्त्व म्हणून ते मान्य आहे. नॉर्वेमध्ये १९७० च्या दशकात क्रिस्टेन न्यूगोर यांनी लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेसोबत जे काम केले त्यातून सहभागी डिझाइनची परंपरा उभी राहिली. मात्र तिथले कामगार संघटित होते, त्यांना बैठकीला बसण्याची जागा, प्रतिनिधी आणि कामाच्या वेळेत अभ्यास करण्याचा अधिकार होता. उष्णतेच्या लाटेत ज्यांचा जीव जातो ती माणसे मुळात घराबाहेर पडत नाहीत म्हणूनच धोक्यात असतात, मग ती आमच्या कार्यशाळेला कुठून येणार?

फ्रान्सने २००३ नंतर यावर उपाय म्हणून ३० जून २००४ च्या कायद्याने महापौरांवर वृद्ध आणि अपंग व्यक्तींची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी टाकली, जेणेकरून इशारा जारी होताच त्यांच्याशी संपर्क साधता यावा. नोंदणी ऐच्छिक आहे, आणि जो खरोखर एकाकी आहे तो स्वतःहून किंवा कोणाकरवी नाव नोंदवण्याची शक्यता सर्वांत कमी असते, अशी टीका तिच्यावर होत आली आहे. कार्यशाळेचे निमंत्रण आणि ही नोंदवही यांच्यातला दोष एकच आहे.

त्यामुळे अर्जदारांना आम्ही सहभागाचा एकच साचा देणार नाही. जे येऊ शकत नाहीत त्यांच्याविषयीची माहिती त्यांच्या दारापर्यंत जाणाऱ्या माणसांकडून, म्हणजे टपाल वाटणारे, औषधे पोहोचवणारे, इमारतीचे रखवालदार यांच्याकडून, आणि मागील लाटांमधील मृत्यूंच्या तपशीलवार अभ्यासातून कशी मिळवणार हे त्यांनी लिहावे. शिकागोच्या अभ्यासाने जे दाखवले ते कार्यशाळेत भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यांमधून पुढे आले नसते. संख्याशास्त्र आणि निरीक्षण यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानण्याची डिझाइनच्या वर्तुळातील सवय मला कधीच पटलेली नाही.

११ मार्च

लेखा विभागासोबत बैठक. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली दुहेरी हिऱ्याची आकृती आता प्रत्येक सादरीकरणात दिसते : आधी समस्येचा शोध घेत पसरायचे, मग व्याख्येपाशी एकवटायचे, पुन्हा उत्तरांसाठी पसरायचे आणि शेवटी एका उत्तरापाशी यायचे. आकृतीत दोन्ही हिरे सारख्याच आकाराचे आहेत. अंदाजपत्रकात मात्र पहिल्या हिऱ्याला लेखाशीर्षच नाही, कारण अर्जदाराने समस्या आणि उत्तर दोन्ही पहिल्याच दिवशी लिहून द्यायचे असतात आणि पुढे त्यात बदल झाला तर तो करारभंग ठरू शकतो.

लेखाधिकाऱ्यांची हरकत मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण ती रास्त आहे. सार्वजनिक पैसा ज्या कामासाठी मंजूर झाला त्याच कामावर खर्च झाला हे त्यांना दाखवावे लागते. अर्जदाराला मध्येच उत्तर बदलण्याची मुभा दिली तर मंजुरीला अर्थ राहत नाही आणि उद्या लेखापरीक्षणात त्याचा जाब त्यांनाच द्यावा लागेल, कार्यशाळा घेणाऱ्यांना नव्हे.

बऱ्याच चर्चेनंतर दोन टप्प्यांच्या मंजुरीवर सहमती झाली. पहिल्या टप्प्यात लहान रक्कम समस्येच्या अभ्यासासाठी दिली जाईल आणि त्याचे फलित म्हणजे बदललेली किंवा कायम राहिलेली समस्यामांडणी, तिच्या पुराव्यासह. दुसऱ्या टप्प्याचा करार त्या मांडणीवर नव्याने होईल. पहिल्या टप्प्यानंतर ‘आमचा मूळ उपाय योग्य नाही’ असे लिहून थांबणाऱ्या अर्जदाराला अपयशी मानले जाणार नाही, हे वाक्य लेखाधिकाऱ्यांनीच करारात घालून दिले. आमच्या मसुद्यापेक्षा त्यांचे शब्द अधिक नेमके होते.

२२ मार्च

प्रत्यक्ष प्रयोगांच्या अटी. रिटेल आणि वेबर यांनी एक अडचण स्पष्ट लिहून ठेवली आहे : सामाजिक समस्येवरचा प्रत्येक उपाय एकदाच होणारी कृती असतो, कारण त्याचे परिणाम माणसांच्या आयुष्यावर उमटतात आणि ते पुसता येत नाहीत. ‘लवकर करून पाहा, चुका, शिका’ हा डिझाइनचा परिपाठ या वाक्यापुढे अडखळतो. इशाऱ्याचा नवा संदेश चाचणी म्हणून अर्ध्याच वस्तीला पाठवला आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीत मृत्यू झाले, तर त्याला नमुना (उपायाचे कच्चे चाचणीरूप) म्हणता येणार नाही.

फिनलंडने २०१७-१८ मध्ये मूलभूत उत्पन्नाचा (बिनशर्त दरमहा रकमेचा) प्रयोग करताना २,००० बेरोजगारांना यादृच्छिक पद्धतीने निवडून दरमहा ५६० युरो दिले. समान नागरिकांना असमान वागणूक देण्याचा प्रश्न असल्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आमच्या आवाहनाचा आवाका फार लहान आहे, तरी तत्त्व तेच ठेवले : उन्हाळ्याच्या आधी आणि माणसांच्या जिवाशी संबंध नसलेल्या भागांत (संदेशाची भाषा, भेटींची नोंदपद्धत, फोनवरील संवादाचा क्रम) मोकळेपणाने नमुने करावेत, प्रत्यक्ष लाटेच्या काळात कोणालाही सध्या मिळणाऱ्या मदतीपेक्षा कमी मदत मिळता कामा नये आणि नैतिक समितीची लेखी मान्यता असावी.

५ एप्रिल

संस्थेने विचारले आहे की हे काम पुढे चालवण्यासाठी स्वतंत्र ‘धोरण प्रयोगशाळा’, म्हणजे सरकारी धोरणांवर डिझाइन पद्धतींनी काम करणारा गट, स्थापावी का. आमचा अभिप्राय प्रतिकूल आहे. डेन्मार्कची माइंडलॅब २००२ मध्ये सुरू झाली, तिचे जगभर अनुकरण झाले आणि २०१८ मध्ये ती बंद करून तिच्या जागी डिजिटल बदलांवर भर देणारा कार्यगट आणण्यात आला. फिनलंडच्या सित्रा निधीची हेलसिंकी डिझाइन लॅब २०१३ मध्ये संपली. मेक्सिको सिटीची शहर प्रयोगशाळा २०१३ मध्ये एका प्रशासनासोबत आली आणि २०१८ मध्ये त्याच प्रशासनासोबत गेली. या प्रयोगशाळांचे काम वाईट होते असे म्हणण्यास आधार नाही. उलट त्यांच्या नोंदी आजही आम्हाला उपयोगी पडत आहेत. अडचण अशी की त्यांचे बळ बहुतांशी पटवून देण्याचे होते. ब्रिटनमध्ये २०११ साली स्थापन झालेल्या सरकारी डिजिटल सेवेला मात्र विभागांचा माहिती तंत्रज्ञानावरील खर्च रोखण्याचा अधिकार होता, आणि सेवांच्या मांडणीचे तिचे निकष विभागांनी पाळले याचे एक कारण तो अधिकार होता.

म्हणून प्रयोगशाळेऐवजी आवाहन लिहिणाऱ्या विभागातच एक पद असावे आणि निकषांच्या टिपणीवर त्या पदाची सही अनिवार्य असावी, अशी शिफारस केली आहे. सादरीकरणासाठी यात आकर्षक असे काही नाही.

१९ एप्रिल

गुणांकनाची रंगीत तालीम. परीक्षकांना आम्ही काल्पनिक प्रस्तावांचा एक संच दिला : थंडावा देणारे, अंगावर घालायचे उपकरण, इशाऱ्याचे मोबाइल अॅप, घरभेटींचे जाळे, रुग्णालयातील कक्षाचे स्थलांतर आणि गोड शब्दांत लिहिलेला पण आशय नसलेला ‘सहनिर्मितीचा मंच’. जुन्या निकषांवर कक्षाचे स्थलांतर जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत तळाशी आले, कारण ‘नावीन्य’ या रकान्यात त्याला काहीच मिळेना. हे अपेक्षित होते.

नव्या निकषांवर ते वर आले, पण ‘सहनिर्मितीचा मंच’ त्याहूनही वर गेला. सहभाग, समस्यामांडणी, शिकण्याची तयारी असे शब्द ज्या अर्जात अधिक, त्याला परीक्षकांनी सढळ हाताने गुण दिले. डिझाइनची परिभाषा निकषांत उतरली की ती परिभाषा बोलणारेच जिंकतात आणि घरभेटी देणाऱ्या समन्वयक पुन्हा मागे पडतात.

यावर दोन बदल केले. ‘नावीन्य’ हा रकाना काढून ‘आज जे घडते त्यापेक्षा काय वेगळे घडेल आणि कोणाच्या बाबतीत’ असा ठेवला. दुसरे म्हणजे, ज्याच्या हातात निर्णय आहे अशा व्यक्तीचे पत्र सक्तीचे केले : रुग्णालयाचा अधीक्षक, पालिकेचा आरोग्य अधिकारी, इमारतीची व्यवस्थापन समिती, जो कोणी निधी संपल्यावर हे काम चालू ठेवू किंवा बंद करू शकतो तो. दुपारी पुन्हा गुणांकन घेतले तेव्हा मंचाकडे असे पत्र कोण देणार हे परीक्षकांना सुचेना आणि त्याचे गुण घसरले. मोबाइल अॅपचेही घसरले, ते माझ्या मते थोडे अन्यायकारक आहे, कारण इशारा देणारी यंत्रणा सहसा एकाहून अधिक विभागांत विभागलेली असते आणि एकच मालक दाखवणे तिला अवघड जाते. अशा प्रस्तावांसाठी एकाहून अधिक विभागांचे संयुक्त पत्र चालेल, अशी तळटीप जोडली आहे.

३ मे

अंतिम मसुदा, अर्जाचा नमुना, निकषांचा तक्ता आणि त्यासोबतची टिपणी संस्थेकडे सुपूर्द केली. परीक्षक मंडळात घरभेटींचे काम करणारी एक व्यक्ती मानधनासह असावी, ही शिफारस तत्त्वतः मान्य झाली असून मानधन कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यायचे याचा निर्णय बाकी आहे. पहिल्या टप्प्यात थांबलेल्या प्रकल्पांचे अहवाल सर्वांसाठी खुले करावेत, या कलम ११ वर विधी विभागाचा अभिप्राय अद्याप आलेला नाही. अर्जदार उद्योगांना त्यात त्यांची तांत्रिक माहिती उघड होण्याची भीती आहे, म्हणून समस्येचे निष्कर्ष खुले आणि उपकरणाचा तपशील गोपनीय अशी विभागणी आम्ही पर्याय म्हणून लिहून दिली आहे. अभिप्राय आल्यावर हे कलम पुन्हा लिहावे लागेल. आवाहन त्याशिवाय प्रसिद्ध करू नये, असे पत्रात नमूद केले आहे.